सून, मीठ आणि बोअरचं पाणी

तुरीची डाळ शिजत नाही म्हणून मी सुनेला वर्षानुवर्षं बोलत आले. ती मीठ आधीच टाकते, म्हणून डाळ टणक राहते, असं माझं ठाम मत होतं. सातवीतल्या नातीनं शाळेत शिकवलेली रीत घरी लावली. दोन चुली, दोन सारखी पातेली, मोजून तेवढीच डाळ, तेवढंच बोअरचं पाणी आणि मीठ फक्त एकात. मी बिनमिठाच्या चुलीत हळूच एक लाकूड जास्त सारलं. नातीनं ते ओढून काढलं.

"आजी, फरक फक्त मिठाचा ठेवाचा. बाकी काही बदललं तं कशानं काय झालं, ते कसं समजीन?"

दोन्हीकडची डाळ सारखीच टणक राहिली. मग तिनं मीठ कशातच टाकलं नाही. एका पातेल्यात बोअरचं पाणी घेतलं, दुसऱ्यात फिल्टरचं. फिल्टरच्या पाण्यातली डाळ मऊ शिजली.

सून हसत म्हणाली, "आता कोणाले बोलसान, आत्याबाई?"

"बोअरले," मी म्हणाले आणि ताट पुढं ओढलं.

सुनेचा हात पहिल्यापासून चांगला होता, हे मी जेवताना कबूल केलं. बोअरची जागा मीच दाखवली होती, ते मात्र बोलले नाही.