गाडीत बसेल तो संघात

आमच्या गावच्या पोरांचा क्रिकेट संघ शारजाच्या रेताड मैदानावर सलग सहा रविवार हरला, आणि मी मूर्खासारख्या सहाही मॅच बघितल्या. बोलर नव्हता असं नाही. आमच्याच मोहल्ल्यातला एक वेल्डर शारजाच्या औद्योगिक भागात, कामगारांच्या कॅम्पमध्ये राहतो. त्याच्या यॉर्करने भल्याभल्यांचे स्टंप उडतात. पण संघ निवडणार मॅनेजर, आणि मॅनेजर कोण, तर ज्याने टी-शर्ट छापून आणले तो. त्याची रीत सोपी होती. सकाळी दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतून, जिथे आम्ही बाकीचे राहतो, दोन गाड्या निघणार, त्यात बसतील ते खेळणार. कॅम्पकडून जायचं तर वळसा पडतो, म्हणून वेल्डर बाहेर. त्याच्या जागी मॅनेजरचा मेहुणा, ज्याला दोन रन धावले की धाप लागते.

सहाव्या पराभवानंतर मी सगळ्यांसमोर मॅनेजरला विचारलं, "तू संघ चालवतोस की टॅक्सी?"

तो शांतपणे म्हणाला, "भाईजान, तुम्ही आणा ना त्याला. दुसरी गाडी तुमचीच आहे."

"इन्शाल्ला, पुढच्या रविवारी," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी मी नेहमीच्याच रस्त्याने मैदानावर गेलो.