तळ्याकाठची तीन एकरं

माझं माहेर बेळगावच्या दक्षिणेला, येळ्ळूरच्या वाटेवर. गावाच्या खालच्या अंगाला दगडी पायऱ्यांचं तळं आहे आणि त्याच्या बांधावर तीन वीरगळ उभे आहेत. कधीकाळी लढाईत पडलेल्या माणसांचे ते दगड. खाली ढाल-तलवारवाला, मध्ये त्याला न्यायला आलेल्या अप्सरा, माथ्यावर चंद्र-सूर्य. आम्ही त्यांना नुसतं 'धनी' म्हणायचो. शाळा सुटली की दप्तरं धन्यांच्या पायाशी टाकायची आणि पाण्यात उतरायचं, हा नेम होता. बेंदराला बैल तिथंच धुवायचे, आणि गौरीच्या सणाला बायका तिथूनच गौर घेऊन घरी यायच्या.

आमची आत्ती, म्हणजे वडिलांची बहीण, लग्नानंतर वर्षातच कपाळ पांढरं होऊन माघारी आली होती. गौर तिच्या हातात कधी कुणी दिली नाही. ती आदल्या दिवशी जाऊन सगळ्या पायऱ्या झाडायची, शेवाळ खरवडायची. दुसऱ्या दिवशी बायका गाणी म्हणत खाली उतरायच्या तेव्हा ती बांधावर उभी असायची. आई लवकर गेली, मला आणि धाकट्या भावाला तिनंच वाढवलं.

मी लग्न होऊन बेळगावात आले, शाळेत शिकवायला लागले. वडील गेल्यावर शेत भावाकडं आलं. त्यातली तीन एकरं तळ्याला लागूनच.

काही वर्षांपूर्वी एका सकाळी भावाचा फोन आला. "आक्का, नवा मास्टर प्लॅन लागलाय. आपली जमीन पिवळ्यात आलीया." पिवळा म्हणजे रहिवासी भाग. तिथं प्लॉट पाडता येतात. त्याचा आवाज इतका हलका मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. पोरांची शिक्षणं होती, पावसाचा भरवसा नव्हता.

आम्ही तिघं नगररचनेच्या ऑफिसात नकाशा बघायला गेलो. भिंतभर नकाशा होता. आत्तीनं चष्मा पुसून विचारलं, "आपलं तळं कुठाय ह्यात?" तळं नव्हतं. त्या जागेवरून रुंद रस्त्याच्या दोन रेघा गेल्या होत्या.

तिथला अधिकारी तरुण होता, अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलत होता. त्यानं नीट समजावून सांगितलं. जी देवळं, जे किल्ले सरकारच्या यादीत आहेत, त्यांच्या आसपास बांधायला कायद्यानंच मनाई असते. गावोगावच्या असल्या जागा त्या यादीत नसतात. त्यांना राखायची सोय मास्टर प्लॅनमध्येच करावी लागते. हा प्लॅन अजून कच्चा होता. मुदतीत हरकत दिली, तर जागा जुनी म्हणून नोंदवून हिरव्यात, म्हणजे बांधकाम न करता येणाऱ्या भागात, घालता येते आणि भोवतीचा पट्टाही मोकळा ठेवता येतो.

"भोवतीचा म्हणजे?" भावानं विचारलं.

त्यानं पेन्सिलीनं दाखवलं. ती आमचीच तीन एकरं होती.

घरी आल्यावर भाऊ म्हणाला, "आत्ती, तुझ्या दगडांसाठी मी जमिनीवर पाणी सोडू व्हय?"

"मी काय सोड म्हणाले न्हाय," आत्ती म्हणाली. "पण हरकत मी देणार. तू सही करू नकोस."

त्या रात्री तो जेवला नाही. आत्तीही जेवली नाही. दोघांना वाढलेली ताटं मी झाकून ठेवली.

देवळात गावाची बैठक झाली. हरकत मराठीत द्यायची की कन्नडात, यावरच अर्धा वेळ गेला. आमच्या गावात हा प्रश्न साधा नसतो. शेवटी दोन्ही भाषांत द्यायचं ठरलं. दोन्ही अर्ज मी लिहिले, पुष्कळ लोकांनी सह्या केल्या. भावानं केली नाही, पण सुनावणीला स्वतः गाडी काढून आत्तीला घेऊन आला आणि मागच्या बाकावर बसला.

समोरच्या साहेबांना मराठी येत नव्हतं. मी आत्तीचं बोलणं कन्नडात सांगायला उठले, तर तिनं मला हातानं बसवलं आणि ती स्वतःच कन्नडात बोलायला लागली. तिला दिलं होतं ते गाव कित्तूरकडचं, कन्नड मुलखातलं, हे तोवर आमच्या ध्यानातच नव्हतं. वर्षभराच्या संसारात शिकलेली भाषा तिनं आमच्यासमोर कधी उच्चारली नव्हती. जुनं, खेड्यातलं, सावकाश कन्नड. पायऱ्या किती जुन्या, धन्यांना दिवा कधी लावतात, पाणी कुठल्या झऱ्यातून येतं, सगळं तिनं सांगितलं. शेवटी म्हणाली, "मी त्या पायऱ्या जन्मभर झाडल्यात. त्यावर डांबर घालू नका." साहेब लिहीत होते ते थांबले आणि तिच्याकडं बघत राहिले. मी मागं वळून पाहिलं तेव्हा भाऊ मान खाली घालून बसला होता.

पक्का प्लॅन यायला खूप दिवस लागले. आला तेव्हा रस्ता वरच्या अंगाला सरकला होता. तळं, वीरगळ आणि भोवतीचा पट्टा हिरव्यात होता. गावात पेढे वाटले. आमच्या घरात वाटले नाहीत. आत्तीनंच नको म्हणून सांगितलं.

आता तळ्याला लोखंडी कुंपण आहे, फाटक आहे, फलक आहे. बैल गावात दोन-चारच उरलेत, पोरं पाण्यात उतरत नाहीत. कुंपणाबाहेर उभी राहिले की पोहून थरथरणारी आमची ओली अंगं आठवतात, धन्यांच्या तापलेल्या दगडांना पाठ लावून वाळवलेली. कायद्यानं जागा राखली, आमची ती दुपार राखणं त्याच्या हातात नव्हतं. तरीही वरच्या अंगाला घरं किती दाटलीत ते बघते आणि खाली नजर गेली की जिवाला बरं वाटतं.

भाऊ त्या तीन एकरांत रताळी लावतो. आत्ती थकली आहे, पण काढणीला बांधावर येऊन बसते. गेल्या खेपेला मी गेले तेव्हा तो मातीनं भरलेल्या हातांनी तिच्याशेजारी बसून भाकरी खात होता. मी विचारलं, "वाईट वाटतं का रे अजून?"

"वाटतंय की," तो म्हणाला. "प्लॉट पाडले असते तर लई सुटलो असतो." मग त्यानं आत्तीच्या ताटलीत आपल्यातला बोटभर ठेचा ठेवला आणि तिला म्हणाला, "खा गं, गार व्हायलीया भाकरी."