ती शिवत नव्हती

पहिल्या खेपेला मी नापास झाले, हे आधीच सांगून टाकते. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, तीन परीक्षकांसमोर आणि तेही एका फुकटच्या कामासाठी. पगाराची नोकरी हुकली असती तर एवढं लागलं नसतं.

काम होतं लोकांना चित्रं दाखवण्याचं. लेस्टरपासून बसने अर्ध्या तासावर एका जुन्या श्रीमंताच्या घराची गॅलरी केली आहे. तिथे वर्षभरासाठी डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनमधली एकोणिसाव्या शतकातली चित्रं आणली होती, आणि ती समजावून सांगायला व्हॉलंटियर गाइड हवे होते. मी तिथे पहिल्यांदा गेले ते चित्रांच्या ओढीने वगैरे मुळीच नाही. जवळच राहणाऱ्या एका गिऱ्हाइकाला ब्लाउज पोचवले होते आणि परतीच्या बसला पाऊण तास होता. मी चौतीस वर्षं माझ्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते, कपडे ऑल्टर करून देते. चित्रकलेशी माझा संबंध शाळेत काढलेल्या फुलदाणीपुरता.

पहिल्या खोलीत सगळे डोंगर होते. कड्यांच्या मधे घुसलेलं काळंशार पाणी, एवढीशी होडी, वर ढगांची गर्दी. एका मोठ्या चित्रात बर्फातलं भूर्जांचं रान होतं. ते बघताना मी थांबले, कारण ते काढणाऱ्या माणसाने बर्फ पांढरा रंगवलाच नव्हता. कुठे निळा, कुठे जांभळट, उन्हाच्या बाजूला ताकासारखा. माझ्या डब्यात पांढऱ्या दोऱ्याची सात रिळं आहेत आणि ती वेगवेगळी का, हे मी नवऱ्याला कितीदा सांगून दमले आहे. ह्याला कळलं होतं. मेलेल्या परक्या माणसाबद्दल मला एकदम आपुलकी वाटली.

पुढच्या खोल्यांत घरं होती. राखाडी भिंत, उघडं दार, एक टेबल, पाठमोरी बाई. कोणी मरत नाही, कोणी प्रेमात पडत नाही, काहीच घडत नाही. मला ती चित्रं फार आवडली. घरात काही घडत नसतं तेव्हाच तर सगळी कामं होत असतात, आणि ती करणाऱ्या बाईचं इतकं मन लावून कोणी चित्र काढलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. बस चुकली. पुढचीही चुकली. घरी जाऊन मी गाइडसाठी अर्ज भरला.

मग केली चूक. आमच्या पिढीला शाळेने एकच विद्या नीट शिकवली, ती म्हणजे घोकंपट्टी. मी गॅलरीचा कॅटलॉग विकत आणला, त्यातून चौदा पानं उतरवली आणि इतिहासाच्या पेपरासारखी पाठ केली. मी पोळ्या लाटत म्हणायचे आणि नवरा खुर्चीत बसून कागदावर बोट फिरवत तपासायचा.

“अगं, ‘हाउएव्हर’ राहिलं बघ,” तो म्हणायचा.

परीक्षा म्हणजे तिघांसमोर वीस मिनिटं दोन चित्रांवर बोलायचं. व्हॉलंटियर्सचं काम बघणारी एक तरुण बाई, चित्रांची क्युरेटर, आणि काठी घेऊन चालणाऱ्या, ऐंशीच्या घरातल्या एक जुन्या गाइड. मी सुरुवात जोरात केली. पाचव्या मिनिटाला क्युरेटरने सहज विचारलं, “हे दार उघडं का असेल, तुम्हाला काय वाटतं?” माझी गाडी रुळावरून उतरली. पाठ केलेलं मधेच तुटलं की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करावं लागतं, तसं मी केलं. तो अख्खा परिच्छेद त्यांना दुसऱ्यांदा ऐकवला. पुढच्या प्रश्नाला परत तेच. तिसऱ्यांदा तर म्हाताऱ्या बाईंचे ओठ माझ्याबरोबर हलताना मला दिसले.

शेवटी तरुण बाई अगदी मऊ आवाजात म्हणाली, “तुमचा अभ्यास प्रचंड आहे. पण वीस मिनिटांत तुम्ही चित्राकडे एकदाही बघितलं नाहीत.”

माझं तोंड एवढंसं झालं. राग आला तो ती खरं बोलली म्हणून. सहा आठवड्यांनी शेवटची निवड होती. तेव्हा जमलं तर ठीक, नाहीतर तो विषय संपला.

बर्मिंगहॅमला शाळेत शिकवणाऱ्या लेकीला फोन केला. “आई, लीव्ह इट ना,” ती तिच्या इथे वाढलेल्या मराठीत म्हणाली. “तुझी इंग्लिश चांगला आहे, बट धिस इज अ डिफरंट थिंग. तू ऑलरेडी इतकी काम करतेस. यू डोन्ट हॅव टू प्रूव्ह एनीथिंग.”

“मला प्रूव्ह नाही करायचं,” मी म्हटलं. “मला ते काम हवंय.”

हे बोलल्यावर मला स्वतःलाच कळलं की ते खरंच हवं होतं. चौतीस वर्षं लोक माझ्याकडे आले ते माप द्यायला. मला काय दिसतं, काय वाटतं, हे विचारायला कोणी आलं नव्हतं. तिथे ते विचारलं जाणार होतं आणि मला उत्तर द्यायचं होतं.

चौदाही पानं रिसायकलिंगच्या डब्यात टाकली. दर गुरुवारी जायचं आणि एकाच चित्रासमोर बसायचं, असं ठरवलं. चित्र निवडलं ते माझ्या धंद्यातलं. ‘खिडकीशी शिवणारी स्त्री’. डाव्या हाताला उंच खिडकी, तिच्याशेजारी खुर्चीत काळ्या एप्रनमधली बाई, मान खाली, मांडीवर निळं कापड. दुसरं काही नाही. कॅटलॉगमध्ये ह्या चित्राबद्दल एकटेपणा, हिवाळा, उदासी असं बरंच होतं. मला ते तेव्हा तोंडपाठ होतं.

पहिल्या गुरुवारी मी तासभर बसले आणि नुसती चिडत राहिले. का ते समजेना. दुसऱ्या गुरुवारीही तेच. कोणी मशीनला दोरा उलटा ओवला की मला लांबूनच अस्वस्थ होतं, तसं काहीतरी. तिसऱ्या गुरुवारी नवरा थर्मास घेऊन बरोबर आला. तो चित्राकडे बघून म्हणाला, “कापड फाडणार आता ही.”

मी त्याला म्हणणार होते, अहो, गप्प बसा. पण तेवढ्यात मलाही दिसलं. तिचे दोन्ही हात कापड दोन बाजूंना ओढत होते. शिवताना आपण कापड गोळा करतो, जुळवून धरतो. ताणून वेगळं करतो ते फक्त एकाच कामात. मी उठून जवळ गेले. काळ्या एप्रनवर पांढरे बारीक ठिपके होते. त्यांना कॅटलॉगमध्ये ‘उजेडाचे कण’ म्हटलं होतं. आणि निळ्या कापडाच्या खिडकीकडच्या काठाला बोटभर गडद पट्टी होती, तिला ‘सावली’.

ती शिवत नव्हती. ती उसवत होती. भर गॅलरीत मी नवऱ्याचा दंड एवढ्या जोरात धरला की त्याच्या हातावर चहा सांडला.

शेवटच्या निवडीच्या दिवशी मी खांद्याला पिशवी लावून वेळेआधीच पोचले. तेच तिघे. मी त्यांना चित्रासमोर नेलं आणि म्हटलं, “शीर्षक चुकलंय. ही बाई शिवत नाहीये, शिवण उसवतेय.”

क्युरेटरच्या भुवया वर गेल्या. शीर्षक चित्रकाराचं नाही, नंतर कोणीतरी दिलंय, हे तिने मान्य केलं. पण ती गडद पट्टी सावली आहे यावर सगळ्या अभ्यासकांचं एकमत आहे म्हणाली.

पूर्वी मी इथेच पहिल्या ओळीवर परत गेले असते. आता मी चित्राकडे बोट केलं. “खिडकी डावीकडे. खुर्चीची सावली उजवीकडे, बाईची सावली उजवीकडे. मग एकट्या ह्या कापडाची सावली खिडकीच्या दिशेने कशी पडेल?”

तिने बघितलं. मग मी पिशवीतून एका गिऱ्हाइकाचा ब्लाउज काढला. अंगात घट्ट होतो म्हणून सैल करायला आला होता आणि मी मुद्दाम अर्धाच उसवून ठेवला होता. आमच्याकडे शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. दोन-तीन वर्षांनी ती उसवून ब्लाउज मोठा करायचा. बाहेरचं कापड तोवर धुऊन, वापरून फिकं झालेलं असतं आणि आतली माया कोऱ्यासारखी गडद राहते. मी शिवण उलगडून दाखवली. जांभळ्या ब्लाउजच्या काठाला बोटभर गडद पट्टी. मग माझ्या काळ्या पँटकडे बोट केलं. सकाळी उसवताना पडलेले दोऱ्याचे तुकडे मी झटकलेच नव्हते.

म्हाताऱ्या बाई काठी टेकत चित्राच्या इतक्या जवळ गेल्या की अलार्म वाजला. धावत आलेल्या गार्डला त्यांनी हातानेच थोपवलं. “दोरे आहेत,” त्या म्हणाल्या. “देवा रे, दोरेच आहेत. माझी आई असंच करायची.”

क्युरेटर अजून चित्राकडेच बघत होती. “पण का?” तिने विचारलं. ह्या वेळी तो परीक्षेचा प्रश्न नव्हता, तिला खरंच माहीत नव्हतं. “ती का उसवत असेल?”

“कापड बघा ना,” मी म्हटलं. “बाहीचं भोक केवढंसं आहे. लहान मुलाचं आहे ते. मूल वाढलंय आणि जुना कपडा होत नाहीये. तुम्ही लिहिलंय की ही बाई एकटी आहे, उदास आहे. उदास कशाने असेल? तिचं मूल हिवाळाभर जगलंय, वाढलंय. ती खूश आहे.”

बोलता बोलता माझा आवाज चढला होता. शेवटी तरुण बाई म्हणाली, निकाल दोन आठवड्यांत ईमेलने कळवू.

“काहीतरीच,” म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. “आत्ता सांग तिला.”

क्युरेटरने माझ्याकडे वळून विचारलं, “शनिवारी अकराला पहिली फेरी घ्याल?”

“अकराला मला ब्लाउज द्यायचाय,” मी म्हटलं. “बाराला येते.”

लेकीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आय वॉज राँग, आई. मी येणार शनिवारी.” आणि आली, सकाळच्या ट्रेनने.

शनिवारी बारा वाजता अठरा माणसं जमली. मी डोंगर दाखवले, बर्फातले सगळे पांढरे दाखवले. माझ्या उच्चारांनी, माझ्या इंग्रजीत, हातात एकही कागद न घेता. त्या चित्रासमोर येऊन ती काय करतेय ते सांगितलं. गर्दीतल्या एका गृहस्थांनी कॅटलॉग उघडून वर धरला. इथे तर छापलंय की ती शिवतेय, ते म्हणाले. आवाजात जरा खोच होती.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून क्युरेटरचा आवाज आला. ती कधी येऊन उभी राहिली होती मला माहीत नव्हतं.

“कॅटलॉग चुकलाय,” ती म्हणाली. “ह्या सांगतायत ते बरोबर आहे.”

अठराही माणसं चित्राकडे वळली. लेक तोंडावर हात धरून रडत होती. मी नाही रडले. मला आयुष्यात क्वचितच इतका आनंद झाला असेल, आणि तो मी चेहऱ्यावर बिनदिक्कत दिसू दिला. मग मान ताठ करून पुढच्या खोलीत गेले, आणि ते सगळे माझ्यामागून आले.