दात राहू दे, कामणचं लिहा

अनीस टेम्पोवाल्याला गेल्या मे महिन्यातल्या शेवटच्या गुरुवारी, दुपारी चारच्या सुमाराला, कामणच्या गोदामांकडे जाणाऱ्या रस्त्यावर ठार मारलं. टेम्पोत मांस आहे अशी आवई कुणीतरी उठवली. टेम्पोत प्लास्टिकच्या बादल्या होत्या. त्या रस्त्यावर फेकून झाल्यावर, म्हणजे मांस नाही हे डोळ्यांनी दिसल्यावरही, मारणं चालूच राहिलं. स्टंपने, चाक खोलायच्या पान्याने, शेवटी बुटांनी. पोलिसांनी लिहिलं: अज्ञात इसम.

हे आधी लिहिते, कारण ज्यांच्याबद्दल मला सांगायचं आहे त्यांची तशी ताकीद होती. बोलण्याआधी ते शर्टाच्या खिशातून ट्रम्पेटचा माउथपीस काढायचे, रुमालाने पुसायचे आणि तो माझ्याकडे रोखून म्हणायचे, "बाय, आधी सूर धर. मग फुंक."

मास्तर बँडवाले, गास गावचे. घर तिथे, केळीची वाडी तिथे, चर्च तिथे. पण बँडची गिऱ्हाइकं सगळी विरारकडची, म्हणून मनवेलपाड्यात आमच्या चाळीखालचा गाळा त्यांनी भाड्याने घेतला होता. संध्याकाळी तालीम सुरू झाली की वरच्या मजल्यावर भांडी थरथरायची. लोक तक्रार घेऊन खाली जायचे आणि येताना मुलाच्या लग्नाची तारीख देऊन यायचे.

माणूस भयंकर मिजासखोर. लाल कोटाची सोनेरी नाडी स्वतः इस्त्री करायचे. मिशी काळी करायचे, आणि केस पांढरे का ठेवले विचारलं तर म्हणायचे, "केस टोपीखाली जातात. मिशी फोटोत येते."

मी पत्रकं लिहिते, वाटते, भिंतींना चिकटवते. मास्तर माझं प्रत्येक पत्रक वाचायचे आणि प्रत्येकात खोट काढायचे. "किती ओरडतेस? पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बास ड्रमच. मधे क्लॅरिनेटला जरा जागा दे की गो!"

मी चिडायचे. तेव्हा चिडायला मला दुसरंही कारण होतं. जी संघटना आमच्या भागात मोर्चे काढून 'यांच्याकडून काही घेऊ नका, यांना घर देऊ नका' असं लाउडस्पीकरवर सांगत फिरते, तिच्या मिरवणुकीतही मास्तरांचा बँड असायचा. एकदा गाळ्यात जाऊन मी तोंडावर विचारलं, "लाज वाटत नाही? ते उद्या तुमच्या चर्चवर येतील."

"लग्नात वाजवताना नवरा दारू पितो का, बायकोला मारणार का, असं विचारून वाजवतो का मी?"

"हे लग्न आहे का?"

"माझ्यासाठी सगळंच लग्न. पुढे चालणारा नवरा, मागे नाचणारी गाढवं." आणि हसले. मी तशीच वर निघून आले. आठ-दहा दिवस बोलले नाही.

अनीस आमच्याच भागातला, दोन गल्ल्या सोडून राहायचा. तो गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी बायकांबरोबर बसले होते. त्याची आई रडत नव्हती. त्याचा धुतलेला शर्ट मांडीवर घेऊन सारख्या घड्या घालत होती आणि मोडत होती. बाहेर मंडप टाकून पुरुष बसले होते. त्याच दिवशी त्या संघटनेची मिरवणूक ठरलेली होती. परवानगी मोठ्या रस्त्याची. नाक्यावर आल्यावर पुढच्यांनी ती मुद्दाम आमच्या गल्लीत वळवली.

आत आम्हाला आधी बँड ऐकू आला. जवळ येत गेला. इतका जवळ की पत्रे वाजायला लागले. आणि मग, एकदम, बंद.

पुढचं मला मास्तरांकडून आणि त्यांच्या क्लॅरिनेटवाल्याकडून कळलं. बँडवाल्यांचा जुना रिवाज आहे, तुम्हीही पाहिला असेल: वाटेत मयताचं घर लागलं की वाद्यं खाली. घर कुणाचं हे विचारत नाहीत. मंडप, पांढऱ्या चादरी, दाराशी चपलांचा ढीग दिसला, आणि मास्तरांनी सवयीने मूठ वर केली.

मिरवणुकीच्या पुढे चालणारा, त्या संघटनेचा आमच्या वॉर्डाचा म्होरक्या, मागे वळला. "ए मास्तर, थांबला कशाला? वाजव!"

"मयताचं दार आहे. पुढच्या नाक्यावर वाजवतो."

"पुढच्या नाक्यावर तुझा बाप नाचणार? इथेच वाजव. इथे वाजवायलाच आणलाय तुला."

मास्तर मला नंतर म्हणाले, "तोवर मला वाटलं होतं, पोरं रस्ता चुकली."

त्यांनी ट्रम्पेट काखेत घातलं, टोपी काढली आणि बँडला सांगितलं, "चला, घरी."

म्होरक्याने ट्रम्पेट हिसकावलं आणि तेच त्यांच्या तोंडावर हाणलं. पहिल्या फटक्यात ओठ फाटला. दुसऱ्यात पुढचे दात गेले. खाली पडल्यावर चौघांनी धरलं आणि बाकीच्यांनी लाथा घातल्या, बरगड्यांत, डोक्यात, आणि खास करून तोंडावर. वाजवणाऱ्याला कुठे मारायचं हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. बास ड्रमवर एकजण उभा राहून नाचला आणि पाय आत गेला तेव्हा लोक हसले. त्या हसण्यात म्होरक्या ओरडला, "कामणला एक झोपवला, हा दुसरा!"

हे गल्लीने ऐकलं. खिडक्यांनी ऐकलं. बँड बंद होता, गल्ली शांत होती, शब्दन्‌शब्द ऐकू गेला असणार. आणि हाताहातात फोन वर होते.

मी आवाज ऐकून दाराकडे धावले तेव्हा माझ्याआधी अनीसची आई बाहेर गेली होती. साठीची बाई. ती सरळ त्या घोळक्यात घुसली. कुणीतरी तिला ढकललं, ती पडली, उठली. मास्तरांच्या कोटाची कॉलर धरली आणि ओढायला लागली. मी दुसरी बाजू धरली. पाठीवर काठी बसली, कुणाची ते दिसलं नाही. उंबऱ्यावरून त्यांना आत ओढलं, रक्ताचा पट्टा लादीवर उमटला, आणि तिने कडी लावली. मग दारावर दगड. बाहेरचे घोषणा देत होते आणि ती मास्तरांच्या तोंडावर अनीसचा शर्ट दाबून म्हणत होती, "हिलो मत भाई, हिलो मत."

मास्तरांची आणि अनीसची ओळखही नव्हती.

जबाब घ्यायला हवालदार हॉस्पिटलात आला. वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. मी बाजूला बसून होते. मास्तरांच्या तोंडातून शब्द नीट निघत नव्हते, प्रत्येक शब्दाबरोबर लाळ आणि रक्त.

"मास्तर, तुमच्या दातांचं लिहितो. मारहाण, गंभीर दुखापत, सगळं लावतो. ते कामणचं कशाला मधे? तो वेगळा गुन्हा आहे."

मास्तरांनी मान हलवली. "दात राहू दे. कामणचं लिहा."

"अहो, तुम्हाला त्रास होईल."

"झाला. आता लिहा."

त्याने पेन टेबलावर ठेवलं. मास्तरांनी ते उचलून परत त्याच्या हातात दिलं. तीन वेळा असं झालं. चौथ्या वेळी त्याने लिहिलं, आणि मास्तरांनी ते वाचून घेतलं, माझी पत्रकं वाचायचे तसं, चुका काढत.

त्या जबाबावरून म्होरक्याचं नाव कामणच्या खटल्यात आलं. मग सुरू झालं. गाळ्याचं शटर उचकटून आत पेट्रोल ओतलं. आमच्या जिन्यापर्यंत धूर आला. सुपाऱ्या घेतलेली लग्नं एकेक करून मोडली, म्हणजे लग्नं लागली, बँड मोडला. बँडमधले निम्मे दुसरीकडे गेले. मास्तर त्यांना शिव्या घालायचे आणि पाठीमागे म्हणायचे, "पोरंबाळं आहेत त्यांना." गासच्या वाडीत एका सकाळी लागती केळी कंबरेतून कापलेली निघाली, घड जमिनीवर, चीक वाहतोय.

त्यांच्याच गावातले चार जाणते घरी आले. मी तिथे होते. "मास्तर, आपण मोजके. जबाब मागे घ्या. उद्या सगळ्या गावाच्या अंगावर येईल."

मास्तरांनी कवळी काढली आणि टेबलावर ठेवली. "आलंय ना अंगावर. बघा." चहा पिताना सगळ्यांसमोर ती तशीच होती. कुणी बिस्कीट घेतलं नाही. ते गेल्यावर त्यांची बायको म्हणाली, "निदान चहा होईपर्यंत तरी थांबायचं होतं." आणि दोघं हसत सुटली.

कवळी लावून ते ट्रम्पेट वाजवून बघायचे. नवीन, उसनं आणलेलं. नुसती हवा निघायची, प्रेशर कुकरसारखी. "तीन शिट्ट्या झाल्या," ते म्हणायचे. "बाय, डाळ बघ." मग माझ्याकडे पाठ फिरवायचे आणि बराच वेळ केळीकडे बघत बसायचे.

पत्रकं काढणाऱ्या आमच्यातल्याच एकाने मला सुचवलं होतं: तूही सांग ना, म्होरक्याचं वाक्य ऐकलं म्हणून. एकाला दोन होतील. मास्तरांच्या कानावर गेलं तेव्हा भडकले. "तू आत होतीस. न वाजवलेल्या गाण्याची सुपारी घ्यायची नाही. ऐकलेले शेकड्याने आहेत, त्यांच्याकडे जा."

मी गेले. दारोदार. "आम्ही तेव्हा गावी होतो." "फोन बदलला." "मॅडम, मुलगी लग्नाची आहे." एकाने तर व्हिडिओ दाखवला, आवाजासकट, आणि माझ्या डोळ्यांसमोर फोन खिशात घातला.

कोर्टात साक्ष व्हायच्या आधी, एका सकाळी मास्तर उरलेल्या केळीला पाणी सोडायला वाडीत गेले. दोन मोटारसायकली आल्या. लोखंडी सळ्या होत्या. बायकोला ते सापडले तेव्हा पंप चालूच होता, पाट भरून पाणी त्यांच्या अंगावरून पायवाटेवर येत होतं. डोकं ओळखू येत नव्हतं. मिशी ओळखू आली.

याही वेळी लिहिलंय: अज्ञात इसम.

आता कामणच्या खटल्यात त्या वाक्याला साक्षीदार नाही; क्लॅरिनेटवाल्यासकट बँडमधलं कुणीही कोर्टात यायला तयार नाही. मास्तरांचा जबाब कागदावर आहे. उलटतपासणीला माणूस नाही. वकील सांगतात, तेच वाक्य ऐकलेला आणखी एक माणूस उभा राहिला, किंवा तो व्हिडिओ आला, तर खटला उभा राहतो. नाही तर म्होरक्या सुटतो, आणि पुढच्या मिरवणुकीला दुसरा बँड आणतो.

तुम्ही त्या गल्लीत राहता. तुम्ही गॅलरीत उभे होतात. हे पत्रक मी मनवेलपाड्यात प्रत्येक दारात टाकते आहे, पण लिहिलंय ते तुमच्यासाठी, ज्यांनी ऐकलं त्यांच्यासाठी. मास्तर शूर होते असं मला सांगायला येऊ नका. ते मला माहीत आहे. व्हिडिओ पुसू नका. कुणाला पाठवू नका, कापू नका, गाणं लावू नका. सोमवारी सकाळी अकरा वाजता मी पोलीस ठाण्याच्या पायरीवर उभी असेन, अनीसची आई माझ्याबरोबर असेल. एकटं यायला भीती वाटत असेल तर शेजाऱ्याला घेऊन या, तोही तिथेच होता.

फोन चार्ज करून या.