जुलाबाच्या मिठाचा समुद्र

लग्नाच्या पंगतीत बसले की आमचे केमिस्टसाहेब आधी पानाच्या डाव्या कोपऱ्यातलं मीठ बोटाच्या टोकानं जिभेवर ठेवत, डोळे मिटत आणि शेजारच्याला गंभीरपणे सांगत, "हे नुसतं सोडियम आहे गा. यात समुद्र नाही." शेजारचा बिचारा जिलबीची वाट पाहत असे. समुद्राशी त्याला काय देणंघेणं?

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. आमचे हे शेजारी नागपूरजवळच्या कोराडीच्या वीज केंद्रात केमिस्ट होते. मी तिथंच भांडार विभागात होतो आणि कॉलनीत आमच्या दोन घरांमध्ये फक्त मेंदीचं कुंपण होतं. बॉयलरच्या पाण्यात क्षाराचा कणही राहू नये, हे पाहणं त्यांचं काम. दिवसभर पाण्यातून मीठ काढायचं आणि घरी येऊन पाण्यात मीठ घालायचं, असं त्यांनी आयुष्य वाटून घेतलं होतं.

कारण झालं मुंबई. प्रशिक्षणाला गेले असताना तिथल्या मत्स्यालयात त्यांनी केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन चिमुकले मासे पाहिले आणि माणूस कामातून गेला. परत आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "दिवाणखान्यात समुद्र करून राहिलो."

काचेची मोठी पेटी आली, हवेचा पंप आला. प्रश्न राहिला मिठाचा, आणि मीठ म्हटल्यावर कॉलनीत प्रत्येक जण तज्ज्ञ. एक म्हणाला, सैंधव घाला, पचायला हलकं असतं. दुसऱ्यानं काळ्या मिठाचा पुरस्कार केला. युनियनच्या पुढाऱ्यानं तर तयार समुद्री मिठाचा परदेशी पुडा आणण्याला आधीच विरोध नोंदवून ठेवला. शेवटी इतवारीतून खडेमिठाचं पोतं आलं. मुंबईहून मासे आणले, आणि ते त्या पाण्यात दोन दिवसांत आडवे झाले.

केमिस्टसाहेबांनी रजा टाकली. अर्जात कारण लिहिलं, 'घरातील दुःखद घटना'. रजा मंजूर झाली आणि ऑफिसची चार माणसं समाचाराला येऊन गेली. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. कोण गेलं ते सांगितलं नाही.

मग मात्र ते हट्टाला पेटले. वाचनालयातून पुस्तकं आली. समुद्राच्या पाण्यात काय काय असतं, त्याचा त्यांनी अभ्यास मांडला. त्यातला एक मोठा हिस्सा निघाला मॅग्नेशियमचा. ते मिळतं औषधाच्या दुकानात, पोट साफ करायचं जुलाबाचं मीठ म्हणून. ते सीताबर्डीला गेले आणि किलोच्या हिशोबानं मागितलं.

दुकानदार त्यांच्याकडे पाहतच राहिला. "काकाजी, घरच्या समद्यांलेच त्रास आहे का?"

"नाही गा. दोघांसाठीच पाहिजे."

मागे कॉलनीतलाच एक जण खोकल्याचं औषध घ्यायला उभा होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे तीन घरांतून पपया आल्या. चौथ्या घरानं इसबगोल पाठवला, कापडी पुरचुंडीत, गुपचूप. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, माझ्या बायकोजवळ कपाळाला हात लावून बसल्या. "मासे आहेत म्हणून सांगाले काय झालं होतं यांले? आता मी नळावर कोणत्या तोंडानं जाऊ वं?"

पण ते मिश्रण जमलं. नवी जोडी आणली आणि ती जगली. उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर पेटीकडे तोंड करून बसला. वहिनी म्हणत, "माशाले कूलर, अन् मले पुठ्ठ्याचा पंखा." येणाऱ्या-जाणाऱ्याला केमिस्टसाहेब पेटीसमोर उभं करून म्हणत, "खरा समुद्र आहे. मुंबईचा घाण झाला, हा शुद्ध आहे." त्या एका वाक्यानंच घोळ केला.

कॉलनीत नवे साहेब आले. त्यांच्या बाई रत्नागिरीच्या. नारळी पौर्णिमेला त्यांना माहेर आठवलं आणि कुणीतरी सांगितलं, आपल्याकडेही समुद्र आहे. महिला मंडळ ताटं घेऊन वाजतगाजत दारात. नारळ, हळद, कुंकू, गुलाल, शिवाय दुधाचा तांब्या.

बाई म्हणाल्या, "तुम्ही बाजूला व्हा. आम्ही समुद्राला नारळ अर्पण करतो."

ते बाजूला झाले नाहीत. दोन्ही हात पसरून पेटीला पाठ लावून उभे राहिले. घामानं बनियन भिजलं होतं. वरिष्ठांसमोर कधी आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी ओरडला, "बाई, हा समुद्र नाही! जुलाबाचं मीठ आहे हे! मी घरी कालवलेलं पाणी आहे. यात चिमूटभर कुंकू गेलं तर ते मरतील."

कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळ्याच हसल्या. साहेबांच्या बाई मात्र हसल्या नाहीत. ताटं उचलली गेली. मिरवणूक कोराडीच्या तलावावर गेली. इतकी वर्षं मिरवलेला समुद्र त्यांनी स्वतःच्या तोंडानं पुसून टाकला होता, आणि मान खाली घालून ते पाण्यात मासे शोधत होते.

त्यानंतर वहिनींना हळदीकुंकवाची बोलावणी आली नाहीत. संक्रांतीला कॉलनीतल्या बाया त्यांच्या दारावरून नटूनथटून गेल्या. माझी बायको रागानं तणतणत त्यांच्याकडे गेली, तर वहिनी विणकाम घेऊन पेटीजवळ बसलेल्या. म्हणाल्या, "जाऊ दे वं. इथं गार वाटते." कूलर तर बंद होता.

निवृत्तीनंतर त्यांनी मनीषनगरला घर बांधलं. टेम्पोत सामानाच्या ढिगावर ते मासे ठेवलेली बादली मांडीत धरून बसले होते. त्यानंतर दोन पावसाळेही त्यांना मिळाले नाहीत. छातीत कळ आली आणि संपलं.

वर्षभरानं मी गेलो, तेव्हा पेटी रिकामी होती. त्यांच्यामागं मासे काही महिने जगले, वहिनींनी जगवले. मग पाणी बादल्या-बादल्यांनी अंगणात ओतलं. तिथं मातीवर पांढरी खपली धरली होती आणि गवताची एक काडी नव्हती. शेजारचे गृहस्थ कुंपणावरून सांगत होते की वरची माती काढून शेणखत घाला, मोगरा चांगला येईल.

"राहू द्या जी तेवढं," वहिनी म्हणाल्या आणि झाडू त्या जागेला वळसा घालून पुढं नेला.