बाळापूरची छत्री त्याने पाहिली नाही

अन्याय झाला तो माझ्या वर्गमित्रावर. कधी, तर १९६२ च्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारी, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. कुठे, तर अमरावतीहून दर्यापूरमार्गे अकोल्याला जाताना लागणाऱ्या चार गावांत, भर चौकात, लोकांदेखत. करणारे आम्ही चौघे. समतेची पत्रकं वाटत सायकलवर निघालेले कॉलेजातले विद्यार्थी. पत्रकाचा मजकूर माझा होता.

मित्र बौद्ध. गाव पूर्णाकाठचं. सायकल थोरल्या भावाची, मागचा मडगार्ड नसलेली. तो समतेसाठी आलाच नव्हता, हे आधी सांगतो, कारण नंतर आम्ही तसं छापलं. आमची फेरी बाळापूरपर्यंत जाणार हे कळल्यावर तो स्वतःहून आमच्या खोलीवर आला होता.

"मले ते छत्री पाह्याची हाय," तो म्हणाला. "रजपूत राजाची. अन किल्ला म्हणे दोन नद्यांच्या मधात हाय. शाळेत होतो तवापासून आयकून राह्यलो, जानं काही झालं नाई."

आमचा पुढारी वकिलाचा मुलगा. त्याने मित्राच्या खांद्यावर हात टाकला. "छत्री दाखवू ना बे तुले! पन वाटेत गावोगाव विहिरीवर पानी प्या लागते. तुयाशिवाय ते कसं होईन?"

"पानी तं मी रोजच पेतो. त्याच्यासाठी तुमी चौघं कायले पायजे?"

आम्ही खो खो हसलो. हे वाक्य मी पुढे एका सभेत विनोद म्हणून सांगितलं आणि लोकही हसले.

शनिवारी उजाडायच्या आत निघालो. वलगाव मागे पडलं आणि काळ्या रानातली सपाट वाट लागली. दोन्ही बाजूंना ज्वारीची धसकटं, मध्येच तुरीचा पट्टा, लांबवर नदीकाठच्या बाभळींची रांग. उतार नाही, चढ नाही. मित्र सगळ्यांत पुढे. हँडल सोडून, हात मांडीवर ठेवून चालवायचा आणि मागे वळून ओरडायचा, "काय बे, सायकल हाय का बैलाची रेंगी?" वाटेत पूल आला की उतरायचा, कठड्यावरून खाली वाकायचा आणि नदीचं नाव विचारायचा. आम्हाला एकाही नदीचं नाव सांगता येत नसे. पहिलं गाव येईपर्यंत ती सायकल सफर होती. तेवढीच.

पहिल्या गावात आम्ही चौकात सायकली लावल्या आणि घोषणा दिल्या. पत्रकातली तयार उत्तरं माझ्या जिभेवर होती. पाटील अडवेल, मग मी घटनेचं कलम सांगेन, असा बेत होता. पाटलाने अडवलंच नाही. पान थुंकून म्हणाला, "पाजा ना बाप्पा. कोनं नाई म्हटलं? हे काय विहीर." स्वतः दोर आणून दिला. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. लाजतात, असं मला वाटलं.

मित्राने बादली ओढली, ओंजळ भरली आणि घोट घेतला. एक क्षण थांबला. मग पुढाऱ्याकडे पाहून उरलेलं सगळं प्यायला. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी ते लगेच मनात टिपलं.

आम्ही चौघे त्या विहिरीचं पाणी प्यायलो नाही. मान त्याचा, असं आमचं ठरलं होतं. आमच्याकडे फिरकीचा तांब्या होता, अमरावतीहून भरून घेतलेला, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. गाव मागे पडलं की एखाद्या झाडाखाली थांबून आम्ही त्यातलं पीत होतो. दुसऱ्या गावाआधी मित्राने हात पुढे केला, तर पुढारी म्हणाला, "तू राहू दे. तू विहिरीवर तहानेला दिसला पायजे. लोकाईवर परिणाम होते."

मी तिथेच उभा होतो. तांब्या माझ्या हातात होता. मी झाकणाची फिरकी लावली.

दुसरं गाव, तिसरं गाव. सगळीकडे तोच प्रकार: पाटील हसतमुख, दोर तयार. वऱ्हाड किती पुढे गेलंय, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. तिसऱ्या गावात एक म्हातारी लांब निंबाखाली उभी होती, डोक्यावर रिकामी घागर. तिने मित्राला पाहिलं आणि दोन पावलं पुढे आली. त्याने मान फिरवली, घाईघाईने प्यायला आणि सायकलकडे गेला. चौथ्या गावी त्याने आधी नको म्हटलं. "तहान नाई मले." पुढारी चिडला. "आता शेवटी कच खाऊ नको यार. चळवळीचा प्रश्न हाय." तो प्यायला.

अकोल्यात जुन्या शहरात एका ओळखीच्यांच्या घरी उतरलो. रविवारी सकाळी मोर्णा नदीच्या काठावर तोंड धुवायला गेलो तर मित्र दगडावर वाकून ओकत होता. रात्रीपासून पोट चालू होतं म्हणाला. पुढारी म्हणाला, "काय खाल्लं बे?"

"खाल्लं काही नाई. पेलो." त्याने तोंड पुसलं. "चारी गावात तुमी मले कपडे धुवाच्या विहिरीवर नेलं. खारं पानी. बैल तोंड लावत नाई त्याले. आमच्या खारपान पट्ट्यात प्याची गोडी विहीर येगळी रायते, देवळाजवळ नाईतं पाटलाच्या वावरात. ते तुमाले कोनं दाखोलीच नाई."

पुढारी उसळला. "मंग काल सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तं तुमी मले गोड्या विहिरीवर नेलं असतं."

"नेलंच असतं! काय समजतं तू आमाले?"

"हो ना. अन टाया वाजोल्या असत्या, अन सायकलीवर बसून निंघून गेले असते." तो आवाज चढवत नव्हता. "आमच्या मोहल्ल्यातल्या बाया मंग कुठं जातीन? त्या गोड्या विहिरीवर त्याईले वरून दोन घागरी वाढते पाटलाची मानसं. तेबी बंद झालं असतं. निंबाखाली उभी होती ते मायी मावशी होय. बोललोबी नाई तिच्यासंगं. ओयख दाखोली असती तं तुमी गेल्यावर तिलेच धरलं असतं."

मित्र स्टेशनवर गेला. सायकल गार्डच्या डब्यात टाकून बडनेऱ्याची परतीची गाडी पकडली. बाळापूर तिथून सोळा-सतरा मैल राहिलं होतं.

आम्ही गेलो. होय, गेलो. दुपारच्या उन्हात छत्री पाहिली. दगडी खांब, वर कमानी, खाली नदीचं आटलेलं पात्र. किल्ल्याच्या तटावरून दोन्ही नद्या दिसतात, मण आणि म्हैस. नावं मी तिथल्या एका भाजीवालीला विचारून घेतली, कारण पुलावरून वाकून ती विचारणारा सोबत नव्हता. पुढाऱ्याने तटावर उभं राहून भाषणाची तालीम केली. मी भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या.

आणि बुधवारी पत्रक छापलं. ‘चार गावांनी विहिरी खुल्या केल्या. आमच्या बौद्ध बांधवाचे डोळे पाणावले.’ हे मी मोर्णेचा काठ पाहून आल्यानंतर लिहिलं. चळवळीचा हुरूप मोडू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. पाटीलही स्वतःला असंच काही सांगत असेल. मित्राने पत्रक कॉलेजच्या पायरीवर वाचलं, घडी घालून परत माझ्या हातात दिलं आणि वर्गात गेला. आजही भेटला की "काय बे" म्हणतो. मीच खाली बघत पुढे जातो.

हे आता का लिहितो? वर्ष व्हायच्या आत, या थंडीत दुसरी फेरी निघते आहे. गावं आठ आहेत. पत्रकाच्या तळाशी ओळ आहे: ‘एक बौद्ध बांधव सोबत हवा.’ कॉलेजच्या सभेत जुनं पत्रक वाचलं तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत तुम्ही होता. मी तुम्हाला समोरच्या रांगेत पाहिलं आहे.

म्हणून सांगतो, या फेरीला नाव दिलं असेल तर मागे घ्या. तुमच्या घरी ते जुनं पत्रक असेल तर ‘विहिरी खुल्या केल्या’ ही ओळ शाईने खोडा आणि तसंच शेजाऱ्याला वाचायला द्या. मग सायकल काढा आणि माझ्यासोबत त्या चार गावांना चला. चौकात जायचं नाही. आधी मोहल्ल्यात जाऊ आणि काय करू, ते त्यांना विचारू. परत जा म्हणाले तर गुमान परत येऊ. गोड्या विहिरीवर चला म्हणाले तर जाऊ, आणि त्या दिवशी निघायचं नाही. दोन घागरी बंद झाल्या तर त्या बायांना पाणी मिळेपर्यंत तिथेच राहायचं, मोहल्ल्यातलं खारं पाणी पीत. परीक्षा बुडाली तर बुडेल. येता की नाही, एवढंच सांगा.