ट्रेसिंगच्या कापडाचं टोपडं

सिहोऱ्याच्या शाळेतून आलेला मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. झालो तो एका माणसामुळे. ते जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात नकाशे काढायचे. वडिलांची नुसती तोंडओळख. तरी त्यांनी मला चार वर्षं घरी ठेवून घेतलं, कॉलेजचा फॉर्मही स्वतः भरला. मी त्यांना काका म्हणायचो.

कारखान्यातले नकाशे ट्रेसिंगच्या कडक, कांजी दिलेल्या कापडावर काढत. नकाशा रद्द झाला की लोक ते कापड घरी नेत आणि गरम पाण्यात भिजवत. शाई आणि कांजी निघून गेली की हातात मलमल उरे. आमच्या वस्तीतल्या निम्म्या बाळांची टोपडी त्याचीच. फाटकावरचे पहारेकरीही एखादा तुकडा मागून घेत.

युद्ध लागलं आणि पहारा बदलला. काकांची मुलगी बाळंतपणाला आली होती. फाटकावर काकांच्या डब्याच्या पिशवीत तसा एक तुकडा सापडला आणि त्यांना पकडलं.

मी तेव्हा एका हिंदी दैनिकात उपसंपादक होतो. पोलीस ठाण्याकडून अटकेची बातमी माझ्याच टेबलावर आली. त्यात नाव नव्हतं. मथळ्यातला ‘गद्दार’ हा शब्द माझा. अंक निघाला त्या संध्याकाळी घरी गेलो, तेव्हा कळलं तो कोणासाठी लिहिला होता. वस्तीला तर दुपारीच कळलं होतं.

खटला सरकारी गुपितं फोडल्याचा, म्हणून सुनावणी बंद खोलीत झाली. तारखेला मी बाहेरच्या बाकावर बसायचो. शेवटच्या दिवशी शिपायानं दार उघडून ठेवलं. पण बोलावलं नाही म्हणून मी उठलो नाही. थोड्या वेळानं काकांचे वकील बाहेर येऊन म्हणाले, “छूट गए. नक्शा रद्द था.”

मी धावत संपादकांकडे गेलो. ते म्हणाले, “बंद कमरे का मामला है, भैया. एक लाइन छपी तो हम दोनों अंदर.”

मी मान डोलावली. नियम पाळणारा तोच शिकलेला, हे मला काकांनीच शिकवलं होतं.

काकू म्हणाल्या, “काहून रे, पकडलं ते छापलं ना तू? मग सुटले तेही छाप.”

“काकू, बंद खोलीतली सुनावणी आहे. छापता नाही येत.”

“अच्छा! म्हणजे चोर चौकात, अन् साव बंद खोलीत?”

काकांना नोकरी परत मिळाली. पण त्यांच्या शेजारी डबा उघडायला कोणी बसेना. निवृत्त होणाऱ्याला हार घालून, बँड लावून घरी पोचवायची कारखान्यात रीत होती. काका त्या दिवशी एकटेच सायकलवरून आले.

पुढे एका वकिलाकडून कळलं की बंदी साक्षीपुराव्याला होती. निकाल उघड्या कोर्टातच वाचतात, तो कोणीही छापू शकतो. कायद्याचं ते पुस्तक आमच्या कचेरीच्या कपाटात, माझ्या खुर्चीच्या मागंच होतं. मी कधी उघडलं नव्हतं.

मी काकांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते चहा पीत होते.

“मला माहीत होतं,” ते म्हणाले. “निकाल वाचून राहिले होते तेव्हा दार उघडं होतं. मी मागं वळून पाहिलं. तू बाकावरच बसून होता.”